दूध पुरतंय का? पहिल्या सव्वा महिन्यात अंगावरचं आणि बाटलीचं दूध कसं पाजायचं

बाळ झाल्यावर पहिल्या आठवड्यात घरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आत्या फोनवर विचारते, शेजारच्या काकू बाळ बघायला येतात त्या विचारतात, बाळ जरा कुरकुरलं की आई स्वयंपाकघरातून विचारते, "अगं दूध पुरतंय ना त्याला?" आणि जी नुकतीच बाळंत झालीये, टाके दुखतायत, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, तिच्या पोटात प्रत्येक वेळी गोळा येतो. माझ्या यायचा. माझी दोन बाळंतपणं झाली, पहिल्यात नक्की काय बघायचं हेच कुणी सांगितलं नव्हतं त्यामुळे फार हाल झाले, दुसऱ्यात तेवढं एक कळलं होतं म्हणून नीट निभावलं. ते जसं आठवतंय तसं क्रमाने लिहितेय, ज्यांचा नववा महिना चालू आहे त्यांनी आत्ताच वाचून ठेवा, बाळ हातात आल्यावर वाचायला वेळ मिळत नाही.

पहिला तास आणि पहिले तीन दिवस

बाळ झाल्यावर शक्यतो पहिल्या एका तासात छातीशी घ्यायचं. नॉर्मल असेल तर बाळाला पुसून कपडे न घालताच आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि वरून दुपटं टाकतात, सिझेरियन असेल तरी आई शुद्धीत असली की सिस्टरला सांगून बाळ लावून घेता येतं, हे डिलिव्हरीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं कारण त्या वेळी बोलायची ताकद नसते. नवऱ्याला किंवा आईला सांगून ठेवा, तुमच्या वतीने ते मागतील.

सुरुवातीला जे घट्ट पिवळसर येतं ते चीक दूध. थेंब थेंबच येतं. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला जेमतेम छोटा चमचाभर, म्हणजे ५ मिलीच्या आसपास पितं आणि तेवढंच त्याला लागतं, पोटच तेवढुसं असतं. इथेच घात होतो. छाती दाबली की थेंबभर दिसतं, मग कुणीतरी म्हणतं "हिला दूधच नाही" आणि दुधाच्या पावडरचा डबा आणायला माणूस धावतो. माझ्या पहिल्या वेळी हेच झालं, रात्री मला न विचारता मुलीला बाटली दिली गेली, सकाळी ती अंगावर ओढेना आणि मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. दूध खऱ्या अर्थाने भरून येतं ते दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मधे कधीतरी, सिझेरियन असेल, शुगर असेल तर थोडं उशिरा. तोवर चीक दूधच बाळाचं जेवण आणि तेच त्याचं पहिलं लसीकरण समजा.

मध, गुळाचं पाणी, गुटी, ग्राइप वॉटर यातलं काहीही द्यायचं नाही. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची पद्धत पुष्कळ घरात आहे पण एक वर्षाच्या आत मध अजिबात चालत नाही, त्यात असे जंतू असू शकतात की बाळाचे स्नायू लुळे पडतात. माझ्या आईने दुसऱ्या वेळी नातवाच्या कपाळाला नुसती अंगठी टेकवली, सासूबाईंचंही समाधान झालं आणि वाद झाला नाही. पाणीसुद्धा सहा महिने नको, मे महिन्यात विदर्भात असाल तरी नको, दुधातच लागेल तेवढं पाणी असतं.

तोंडात कसं द्यायचं (यावर सगळं अवलंबून आहे)

हे सावकाश वाचा. आपल्याला वाटतं बाळ निपल चोखतं, पण नुसतं निपल चोखलं की दूध येत नाही आणि चिरा पडतात. बाळाच्या तोंडात निपलच्या भोवतीचा काळा भाग बराचसा जायला हवा.

आधी स्वतः नीट बसा. भिंतीला किंवा पलंगाला पाठ टेकून, कमरेमागे उशी, मांडीवर उशी आणि त्यावर बाळ म्हणजे ते छातीच्या उंचीला येतं, तुम्हाला वाकायला लागत नाही. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं पाहिजे. कान, खांदा, कंबर एका रेषेत, मान वळलेली नको, स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघा म्हणजे कळेल किती अवघड जातं. त्याचं नाक तुमच्या निपलसमोर आणा. निपल वरच्या ओठाला हळूच लावा आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं आहे. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की त्याच क्षणी बाळाला पाठीला आधार देऊन छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही आणि त्याचं डोकं मागून दाबायचं नाही.

बरोबर लागलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली दिसते, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर उलटलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो आणि खाली कमी. आधी भराभरा चोखतं, मग पान्हा फुटला की संथ होतं, एक दोन चोखण्यांनंतर गटक असा हलका आवाज येतो. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पाचव्या दिवशी. एक वयस्कर सिस्टर होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या कोपराखाली एक उशी सरकवली, मुलीची हनुवटी बोटाने किंचित खाली केली आणि तिला माझ्याकडे ओढली, बस एवढंच. मुलीच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते आणि ती गटक गटक पीत होती, माझे अश्रू थांबेनात. पाच दिवस आम्ही दोघी जे करत होतो त्यात फरक फक्त बोटभर होता.

पहिले काही सेकंद खेचल्यासारखं दुखू शकतं पण पूर्ण वेळ दुखत असेल तर नीट लागलेलं नाही. तशीच सहन करत बसू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घाला, पकड सुटते, मग पुन्हा पहिल्यापासून. दहा वेळा करायला लागलं तरी करा. सिझेरियनचे टाके असतील तर बाळ पोटावर न घेता काखेखालून घ्यायचं, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे, किंवा कुशीवर झोपून पाजायचं. बसल्या बसल्या सोफ्यावर मात्र बाळाला घेऊन डोळा लागू देऊ नका, ते धोक्याचं आहे, झोप अनावर झाली तर बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या.

किती वेळ पाजायचं याला घड्याळ नाही. एका बाजूचं बाळ स्वतःहून सोडेपर्यंत, मग ढेकर काढायची, मग दुसरी बाजू द्यायची, घेतलं तर घेतलं. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूपासून सुरू. कुठली बाजू झाली हे रात्री अजिबात आठवत नाही म्हणून मी केसांचा रबर ज्या बाजूने सुरू करायचं त्या हातात घालायचे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतं. रडायची वाट बघू नका, रडणं ही शेवटची खूण आहे, त्याआधी बाळ मान वळवून तोंड शोधतं, मुठी तोंडात घालतं, ओठ चाटतं. आणि पहिले दोन आठवडे, जन्माचं वजन परत येईपर्यंत, तीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही, कावीळ असलेली बाळं तर फार गुंगतात, त्यांना लंगोट बदलून, कपडे काढून, तळव्यांना चोळून उठवायचं.

संध्याकाळी दोन तीन तास बाळ सतत छातीला लागून राहतं, सोडलं की रडतं, दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात आणि परत सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे जास्त होतं. दूध कमी झालंय म्हणून नाही. बाळ वाढतंय, ते असं ओढून ओढून तुमच्या शरीराला जास्त बनवायला सांगतंय. जेवढं ओढलं जाईल तेवढं बनतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी, मेथी हे सगळं प्रेमाने करतात तर खावं, बाळंतिणीला रोजच्यापेक्षा साधारण ६०० कॅलरी जास्त लागतातच, म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू जास्तीचा. पण नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही, छाती रिकामी झाली तर वाढतं. रात्रीचं पाजणं चुकवू नका, दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. मिश्री, तंबाखू असेल तर बंद, ते दुधात उतरतं.

मोजायचं काय तर शू

दूध पुरतंय का याचं उत्तर रडण्यात नाही, छाती किती भरलेली वाटते त्यात नाही आणि कुणी काय म्हणतं त्यात तर नाहीच. ते लंगोटात आहे.

पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढत पाचव्या सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, फिकट रंगाच्या. शी आधी डांबरासारखी काळी चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी पातळ, मोहरीच्या दाण्याएवढे कण असलेली. हे सगळं नीट होत असेल तर बाळाला दूध मिळतंय. आम्ही कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने रेघा मारायचो, शूची उभी, शीची आडवी, नवऱ्याचं कामच ते. त्या रेघा बघून सासूबाईंनीही विचारायचं सोडलं. डायपरमधे शू कळत नाही म्हणून दिवसा सुती लंगोट वापरा, डायपरच असेल तर आत एक टिश्यू ठेवा, ओला झालेला लगेच कळतो.

वजन पहिल्या तीन चार दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, घाबरायचं नाही, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. दहा टक्क्यांच्या वर उतरलं किंवा शूच्या रेघा कमी पडल्या तर मात्र घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. गावात असाल तर आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, वजन करतात, त्यांना पाजताना बघायला सांगा, लाजू नका.

व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ४०० युनिट, अंगावर पिणाऱ्या बाळालाही लागतात. डॉक्टर लिहून देतात ती बाटली कपाटात पडून राहते, देत जा. एक मिलीत ४०० आणि एक मिलीत ८०० अशा दोन्ही बाटल्या बाजारात मिळतात तेव्हा किती द्यायचं ते विचारून घ्या.

छाती दगडासारखी झाली तर

दूध भरून येतं त्या दिवशी असं होतं, हात लावू देत नाही आणि काळा भाग इतका ताठ होतो की बाळाला तोंडात धरता येत नाही. पाजायच्या आधी हाताने थोडं दूध काढून तो भाग मऊ करा, मग लावा. पाजून झालं की गार पाण्याची घडी ठेवा. जोरजोरात चोळायचं नाही, मालिशवाल्या मावशींना हात जोडून सांगा, त्याने आतली सूज वाढते. गाठ राहिली, तो भाग लाल झाला, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टर, पण पाजणं बंद करायचं नाही, त्या बाजूचं दूध बाळाला चालतं. चिरांना पाजल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यायचे, आणि मुळात तोंडात नीट लागतंय का ते परत बघायचं.

वरचं दूध द्यायला लागलं तर

लागतं कधी कधी. आईला औषधं चालू असतात, बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं, दत्तक घेतलेलं असतं, सगळं करूनही दूध पुरत नाही. माझ्या मुलाला सहा आठवडे दोन्ही दिलं. ज्या आया डब्याचं देतात त्यांनी मनाला काही लावून घ्यायचं नाही पण ते बनवताना एकही गोष्ट अंदाजपंचे करायची नाही, कारण तिथे चूक झाली तर बाळ आजारी पडतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आधी विचारा की जवळ मानवी दुग्धपेढी आहे का. मुंबईत सायन हॉस्पिटलमधे १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली सुरू केली, आता बऱ्याच शहरात आहेत, दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून पाश्चराइज करून देतात.

पहिल्या दिवसांत थोडंसंच वरचं द्यायचं असेल तर बाटली नको, बोंडलं काढा, म्हणजे ती दूध पाजायची चोचीची छोटी वाटी. आजीचं चांदीचं असेल घरात, नसेल तर वाटी-चमचा. बाळाला बसतं धरून ओठाला टेकवायचं, ते स्वतः चाटून घेतं, घशात ओतायचं नाही. बाटलीतून दूध आपोआप येतं आणि मग काही बाळं अंगावर मेहनत करायला तयार होत नाहीत.

गाईचं, म्हशीचं, पिशवीचं दूध पाणी घालून एक वर्षाच्या आत द्यायचं नाही. त्यात बाळाला झेपणार नाहीत एवढी प्रथिनं आणि क्षार असतात, लोह नसल्यात जमा.

आता डबा. नवजात बाळाचा, पहिल्या टप्प्याचा, डॉक्टरांनी सांगितलेला. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करायला, फुकट सॅम्पल वाटायला बंदी आहे, तेव्हा कुणी भेट म्हणून डबा हातात ठेवला तर का ते विचारा.

बाटली, निपल, झाकण, कडं सगळं सुटं करून ब्रशने साबणाच्या पाण्यात घासा, निपलच्या भोकात साय अडकते तीही, मग मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. हात धुवा. पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, पावडरमधे जंतू असू शकतात आणि ते मरायला पाणी निदान ७० अंश गरम लागतं, कोमट पाण्यात कालवलेलं चालत नाही, हे आपल्याकडे फार कमी लोक पाळतात. बाटलीत आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर, डब्यातल्याच चमच्याने, सुरीच्या पाठीने सपाट केलेली, दाबून भरलेली नाही. इथल्या बहुतेक डब्यांना ३० मिली पाण्याला एक चमचा लागतो पण अमेरिकेत ६० मिलीला एक असे डबे असतात, तेव्हा मावशीने परदेशातून आणलेल्या डब्याला इथला हिशोब लावू नका, डब्यावर काय आहे ते वाचा. डबा महाग आहे म्हणून पातळ करायचं नाही, बाळ भरलेल्या पोटी उपाशी राहतं. हलवा, नळाखाली धरून गार करा, मनगटावर थेंब टाकून बघा. तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात ओतून द्या, न लावलेलं दोन तासात.

किती द्यायचं? पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला किलोमागे १५० मिलीच्या आसपास, म्हणजे तीन किलोच्या बाळाला दिवसाला ४५०, आठ वेळा दिलं तर एका वेळी ५५ ते ६० मिली. हा अंदाज आहे, बाळाने मान वळवली की थांबा, शेवटचे दहा मिली संपवायला लावू नका. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी, निपल भरेल एवढीच तिरकी, मधे मधे बाटली खाली करून श्वास घेऊ द्या. उशीला बाटली टेकवून कधीही निघून जायचं नाही. आणि बाटलीनेही छातीशी धरूनच पाजा, बाबांनी शर्ट काढून धरलं तर उत्तमच.

काढून ठेवलेलं दूध आणि कामावर जाणं

हाताने काढायचं तर अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे, आधी बरगडीकडे दाबायचं मग एकमेकांकडे, सोडायचं, परत. झाकणाच्या स्टीलच्या वाटीत किंवा बाटलीत, तारीख लिहून. २५ अंशाला बाहेर चार तास टिकतं, पण आपल्या उन्हाळ्यात तेवढा वेळ बाहेर ठेवूच नका, काढलं की फ्रिजमधे, आतल्या बाजूला, दारात नाही, चार दिवस. वर साय जमते ती बिघडलेली नसते, गोल फिरवून मिसळा. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमधे नाही.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा कायद्याने आहे आणि कामावर रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला सुट्टीही, हे एचआरला सांगायला संकोच करू नका. प्रवासात एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष विचारा, रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीचं नाव दिलेली खोली आहे ती, कुलूप असेल तर चावी मागून घ्या, आपलीच आहे.

लगेच निघायचं कधी

बाळ पाजायला उठतच नाही, उठवलं तरी ओढत नाही, आठ तासांत लंगोट ओला नाही, टाळू खोल गेलीये, हिरवी उलटी, अंग तापलंय म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर, किंवा उलट हातपाय गार पडलेत, पिवळेपणा पोटाच्या खाली तळव्यांपर्यंत गेलाय. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट नाही बघायची. बाळाला छातीशी धरून कुंची घाला, शूच्या रेघांचं कालनिर्णयचं पान फाडून बरोबर घ्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि निघा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.